एकशे चाळीसच्या पुढची पानं

मंगळवारी फेरीबोटीतून खोकं आलं,
माशांच्या बर्फाशेजारी बसून आलेलं,
म्हणून पुठ्ठ्याला किंचित खारट वास.
आत नऊ नव्या कादंबऱ्या,
नऊ ते बारा वयाच्या मुलांसाठी,
म्हणजे ज्यांना आता मांडीवर घेता येत नाही
आणि ज्यांच्याशी अजून सगळं बोलताही येत नाही.

न्यूफाउंडलंडच्या या टोकाला, गॅनेट आर्म गावात,
अशी मुलं एकूण अकरा.
मी ग्रंथपाल, आठवड्यातून तीन दुपारी.
उरलेले दिवस पोस्टात टपाल लावते.
तेही हेच काम:
कुणाचं काय ते ओळखून त्याच्या खणात टाकायचं.

"चांगलं पुस्तक द्या" असं मुलं कधी म्हणत नाहीत.
टेस म्हणते, आई परत लग्न करते असलं नको.
लिओनार्ड म्हणतो, आत नकाशा आहे? नसेल तर राहू दे.
क्विंटनच्या जुळ्यांना एकच पुस्तक हवं, एकाच वेळी,
आणि ते परत येतं शिवण उसवून.
मीही मग तोंडाला येईल ते सांगत सुटते:
ही घे, यात एक मुलगी लिफ्टमधून बकरी नेते, चोरून, सातव्या मजल्यावर.
ही ने, यातले आजोबा सगळं विसरत चाललेत,
पत्त्यांतली लबाडी तेवढी विसरत नाहीत.
हिची पहिली वीस पानं रटाळ आहेत, खोटं कशाला बोलू,
एकविसाव्यावर बर्फ फुटतो.

डर्मट कियो काहीच मागत नाही.
तो शेडमध्ये बापाच्या बोटीचं इंजिन उघडून बसलेला.
बाप अल्बर्टात, तेलाच्या कामावर,
एकवीस दिवस तिकडे, सात दिवस इकडे,
त्या सातांतलेही दोन विमानतळांवर.
त्यानं खोक्यातलं सर्वांत जाड पुस्तक उचललं.
"कशाला हवंय?"
"मोटारीला टेकू द्यायला."
मी शिक्का मारला.
हेतूचा रकाना आमच्या रजिस्टरात नाही.

तीन आठवड्यांनी पुस्तक परत आलं.
मलपृष्ठावर नटाचा षटकोनी ठसा, म्हणजे टेकू खराच दिला होता.
मग पानं उलटली.
पान नऊ: काळा अंगठा.
पान तेवीस: अंगठा, आणि एका ओळीखालून ओढलेलं ग्रीसचं बोट.
एकसष्ट. अठ्ठ्याऐंशी. एकशे बारा, दोन्ही कोपरे.
बर्फातल्या कोल्ह्याच्या मागावर निघावं
तशी मी चालत राहिले,
एकशे चाळीसपर्यंत.
पुढे काही नाही.
कोरी करकरीत पानं.

म्हणजे इथे सोडलं यानं.
एकशे चाळीसवर त्या गोष्टीतला मुलगा बापाला फोन लावतो
आणि फोन नुसता वाजत राहतो.
अकरा वर्षांच्या पोराला काय हातात दिलं मी!
टेकू म्हणाला, आणि मी हसले होते.
स्वतःला बरंच बोलून झालं,
मग खोडरबर घेऊन अंगठे पुसायला बसले.

शेवटच्या पानाशी कागद फुगलेला दिसला.
वाळलेला थेंब, कडेला पिवळट रेघ.
आधी वाटलं, रडला.
नाकाशी नेलं तर साबण,
भांडी घासायचा, लिंबाच्या वासाचा.

हात धुतले होते त्यानं.
एकशे चाळीसपासून,
दर वेळी,
वाचायला बसण्याआधी.

नऊ आणि तेवीस तोवर पुसून झाले होते.
बाकीचे तसेच ठेवले.

दाराशी फळा आहे, त्यावर मी महिन्याची शिफारस लिहिते.
एरवी दहा-दहा ओळी, विशेषणांसकट.
या वेळी लिहिलं:
जाड आहे. मोटारीखाली ठेवता येतं.
पुढे पुढे हात धुवावे लागतात.

टेसनं विचारलं, का?
मी म्हटलं, जा एकशे चाळीसपर्यंत, मग तूच सांग.
तिच्या मागे डर्मट उभा होता, नऊमधल्या उरलेल्या पुस्तकांकडे बघत,
दोन्ही हात खिशात.