डावीकडे ओढते

फोनवरच्या मुलीने विचारलं, गाडी चालू होते का?
व्हर्ना म्हणाली, होते. पण डावीकडे ओढते.
नुकसान कुठे?
पुढचा दिवा, बॉनेट,
आणि जाळीत अजून हरणाचे केस अडकलेत,
त्यासाठी तुमच्या फॉर्मात रकाना नसेल.

डुलुथच्या उतारावर मार्चचं काळवंडलेलं बर्फ.
टोइंगवाला पोरगेलासा. नाव ऑगी.
हातमोजा दातांनी ओढून काढत म्हणाला,
इथे सही. आणि इथे.

तिने कप्पा रिकामा केला:
एकमेकींना चिकटलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या,
टायरची हवा मोजायची नळी,
आर्नच्या तिरक्या अक्षरातली चिठ्ठी,
'तेल बदललं, ८८,४१०'.
चिठ्ठी तिने परत आत ठेवली.
पुढच्याला कळायला हवं.

पुढचा कोणी नसतो, बाई,
ऑगीच्या ओठांवर आलं होतं.
हिचे सुटे भाग होतील, उरलेलं लोखंड किलोवर जाईल,
त्यातून बेघरांच्या निवाऱ्यात चार दिवसांचं सूप.
त्याने नुसती पावती फाडली.
रकमेची जागा कोरी.
ती नंतर कळवतात, विकल्यावर.

तिला हसूच आलं.
एकतीस वर्षं पोस्टात पार्सलं तोलली,
वजनाआधी पावती
कुणाला दिली नव्हती.

साखळी ताणली. ब्युइक नाक वर करून निघाली,
उरलेला एक दिवा भर दुपारी जळत,
बहुधा कप्पा उपसताना तिचाच हात लागला असेल.

ती सपातांवरच रस्त्यापर्यंत धावली,
अरे, दिवा! दिवा बंद कर,
बॅटरी उतरेल!