सात इंच

हडर्सफील्डला आल्यापासून आत्या
सोफ्यावर बसली नव्हती. टेकत होती.
कडेला, चार बोटं जागा घेऊन,
एस्टीत अनोळखी बाईशेजारी टेकावं तशी.
"अगं, मागे सरकून बस की," म्हटलं
तर म्हणाली, "मागे गेले की पाय लोंबतात.
या वयात कशाला पाळणा?"

मग तिनंच पर्समधून टेप काढला.
मिरजेच्या शाळेत एकतीस वर्षं शिवण शिकवलेली बाई,
टेपशिवाय विमानात चढत नाही.
सोफ्याची खोली मोजली: चोवीस.
स्वतःची मांडी, गुडघ्यामागच्या खळीपासून पाठीपर्यंत: सतरा.
"सात इंच कमी पडतेय मी तुझ्या घराला,"
म्हणाली, आणि हसली.
मला नाही हसू आलं.

रिंग रोडपलीकडच्या दुकानात
नुसती उशांची भिंत. मी रंगांत हरवले.
मोहरी घ्यावा की मोरपंखी? पडदे करडे,
आणि श्रीरंगला पिवळं काही चालत नाही.
आत्यानं मखमलीवरून उलटा हात फिरवला, सोडून दिली.
"पाहुणे येईतोवरच."
दुसरी उलटी केली, चेन ओढली,
आत बोट घालून शिवणीला माया किती ठेवलीय ते पाहिलं.
मग एकीत मूठ रुतवली
आणि मोठ्यानं आकडे मोजू लागली.
पिसांची होती. वीस झाले तरी वर येईना.
"ही मनाला लावून घेणारी.
हिला रोज थोपटत बसावं लागेल."
फोमची एक दोनलाच उठली, ताठ.
"ही माणसाला बसूच द्यायची नाही."

दुकानातली शॅनन बिचकत जवळ आली.
दहा मिनिटांनी दोघींच्या मुठी उशांत होत्या
आणि गल्लीभर ऐकू येत होतं
तीन, फोर, पाच, सिक्स.

सातला उठणारी एक सापडली.
मध्ये फोम, भोवती पिसं.
"ही ऐकून घेते," आत्या म्हणाली,
"आणि मग आपल्या जागी येते."

परसातल्या बाकाचं प्रकरण वेगळं.
शॅनन म्हणाली, या बघा, वॉटरप्रूफ.
आत्यानं मान हलवली. तीन आठवडे ती बघत होती,
इथला पाऊस वरून पडत नाही,
टेकडीवरून आडवा चालत येतो, आणि दार वाजवत नाही.
"तिला विचार, पाणी आत येऊ नये म्हणून काय केलंय
ते राहू दे.
आलेलं जातं कुठून?"

मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं
आणि मध्येच थांबले.
पुढे शॅननला काय सांगितलं, आठवत नाही.
घेतल्या त्या तळाला जाळी असलेल्या,
शेवाळी रंगाच्या. रंगाचं मग मला काही वाटलं नाही.

आत्या सप्टेंबरात गेली.
आता ढग उतरले की श्रीरंग वरून ओरडतो, "उशा!"
मी चप्पल न घालताच धावते,
एकेक उभी करते बाकाला टेकवून, चेन खाली,
तिनं दाखवली तशी.
आधी काहीच होत नाही.
मग कोपऱ्यातून एक थेंब, दुसरा,
आणि मग धार लागते फरशीवर, बराच वेळ.
मी उभी राहते बघत. भिजते. चालतं.

आतली उशी श्रीरंगच्या उंचीला नकोच असते.
तो ती जमिनीवर टाकतो, मी परत ठेवते.
काल धुवायला अभ्रा काढला, उलटा केला
तर आतल्या शिवणीशेजारी, निळ्या खडूनं, मराठीत: ७.
इंच, की मोजलेले आकडे?
फोन लावला.
"धुतलास का अजून?" ती म्हणाली. "कडक उन्हात घाल."

इथलं ऊन मी तिला समजावत बसले नाही.
आकड्यापुरता कोपरा कोरडा ठेवून धुतला
आणि रेडिएटरवर टाकला.