वासाचा तास

गिरणाऱ्याच्या रस्त्यावर, वायनरीच्या मागच्या शेडमध्ये,
जिथं एरवी रिकामे क्रेट रचलेले असतात,
नेरिस मॅडम आम्हाला इंग्रजी शिकवायच्या.
नाशिकहून, सीबीएसवरून बस पकडून यायच्या,
कंडक्टरला सुट्टे पैसे आणि थँक्यू दोन्ही द्यायच्या.
तो थँक्यूला काय करावं न कळून
तिकीट दोनदा फाडायचा.

आम्ही नऊ जण. हात छाटणीचे,
गळ्यात नवीन ओळखपत्र.
रविवारी मुंबईची माणसं गाड्या घेऊन येतात,
त्यांना ग्लास देताना चार वाक्यं बोलता यावीत
एवढ्यासाठी हा खर्च.

पहिल्या दिवशी सहा वाजता उठलो
आणि एका सुरात म्हणालो,
मिस, वी आर कमिंग.
निघताना 'जातो' म्हणायला जीभच वळेना.
त्या बिचाऱ्या दार उघडं ठेवून
साडेसातपर्यंत बसून राहिल्या.
वॉचमननं हटकलं तर म्हणाल्या, दे आर कमिंग.
दुसऱ्या दिवशी लाइटवरून त्यांनाच बोलणी.

गोरख थेटेनं विचारलं, मॅडम, पगार किती?
त्या लाल झाल्या.
आम्हाला वाटलं, फारच कमी असणार.
मग कुणी घेवडा आणला, कुणी डझनभर अंडी.

चव घ्यायच्या दिवशी त्यांनी ग्लास ओठाला लावला
आणि तोच माझ्यापुढे केला.
मी पाण्याची बाटलीसुद्धा वरून पिते.
उष्टं, म्हणाले मी.
त्यांनी फळ्यावर लिहून घेतलं, पुढे बरोबरचं चिन्ह काढलं,
आणि खडू हातात धरून थांबल्या.
त्या चिन्हापुढची जागा
अजून मोकळीच आहे.

मग बादली.
घोट तोंडात घोळवायचा, आणि थुंकायचा.
माझ्या बापानं थंडीत रात्र रात्र शेकोट्या पेटवून
जगवलेला घड,
आणि शिकलेली माणसं तो थुंकतात, मापानं, हसतमुखानं.
आईनं विचारलं, आज काय शिकवलं?
मी म्हटलं, पास्ट टेन्स.

व्हॉट डू यू स्मेल?
आमचं पाठ होतं: पेरू, लिची, ओला दगड.
नऊच्या नऊ जणांनी पेरू सांगितला.
सुमन बेंडकोळी धुतलेले ग्लास ठेवायला आली होती.
तिचं नाव वर्गाच्या यादीत नव्हतं.
मॅडमनी तिच्याही नाकाखाली ग्लास धरला.

पोतं, ती म्हणाली.
भिजलेलं.
ओट्यावर राहिलेलं, मग तसंच कोपऱ्यात टाकलेलं.

आम्ही हसलो. गोरखनं भाषांतर केलं,
मिस, शी सेज, सॅक.

मॅडमनी पुन्हा वास घेतला. डोळे मिटून.
बराच वेळ.
मग बूच नाकाशी नेलं
आणि सबंध बाटली बादलीत ओतली.
शी इज राइट, म्हणाल्या. बूच खराब होतं.
अँड यू आर ऑल व्हेरी पोलाइट.

पोलाइट मी घरी येऊन डिक्शनरीत बघितला.
अर्थ चांगलाच दिला होता.

जाताना गाडीच्या खिडकीतून ओरडल्या,
आय ॲम कमिंग!
त्या रात्री शेडचा दिवा चालूच राहिला.
वॉचमन विसरला की काय, मी विचारलं नाही.

दोन हंगाम झाले.
सुमन अजून ग्लासच धुते,
पण बाटली उघडली की मॅनेजर आधी तिला हाक मारतो.
पगारात तीनशे वाढलेत.
मी काउंटरवर म्हणते, नोट्स ऑफ ग्वावा, सर,
आणि हळूच मोरीकडे बघते.
ती आतून मान हलवते.
हो की नाही,
ते परक्या माणसाला कळायचं नाही.