मगरीचं नाव

हळदीच्या पेढीवर सहाला
शेवटची हिशेबपट्टी फाडून झाली, की
कोऱ्या पाठीच्या पावत्या मी घरी आणते.
शेठ विचारत नाहीत. विचारलंच तर सांगेन,
उंदरांनी नेल्या. तेही अगदीच खोटं नाही,
मागच्या गोष्टीत उंदीरच होते.

ही मगरीची.
पहिल्या खर्ड्यात तिचं नाव मकरंद.
मला इतकं आवडलं होतं ते, की दोन दिवस
फोनवर थकबाकी सांगतानाही हसू येत होतं.
मकरंद शाकाहारी. मकरंद नमस्कार करायचा.
डिग्रजच्या बंधाऱ्याखाली शाळा भरवून
माशांना स्वच्छतेचं महत्त्व सांगायचा,
आणि मासे, चक्क, ऐकून घ्यायचे.

पुण्याच्या मासिकाचं पत्र आलं, दीड ओळीचं.
संस्कारक्षम आहे. पुढील लेखनास शुभेच्छा.
मी ते जमेला धरलं.
दुसऱ्या दिवशी खोडून नावे टाकलं.

मग विशेषणं काढली,
सुपात घेऊन पाखडावं तशी.
उडालं ते बरंच होतं. उरलं
त्यातही खडे.
तिसरा खर्डा पहिल्यापेक्षा वाईट.
त्याबद्दल बोलत नाही.

चौथा तस्मियाला वाचून दाखवला.
तोलाईदार दस्तगीरभाईंची धाकटी, तिसरीतली.
शनिवारी शाळा सुटली की पोत्यांच्या थप्पीवर
बापाची वाट बघत बसते, पाय हलवत,
टाचा पिवळ्या.
"मकरंद? मगरीला आसलं नाव कोण ठेवतंय?"
मग तू सांग.
"दगडू. दगडावाणी पडल्याली असती की."

एकोणीस ठिकाणी मकरंद होता.
एकोणीस वेळा खोडून दगडू लिहिताना
त्याचा नमस्कार सुटला, पाठ खरखरीत झाली,
तोंडाला वास यायला लागला.

"आन् महापुरात कुठं गेलता?"

मी पावत्या चाळल्या. नदी होती,
चांदणं होतं, आयर्विन पूल दोनदा होता,
पूर नव्हता.
लहान मुलांच्या गोष्टीत कशाला, म्हणून
मीच घेतला नव्हता.
पेढीच्या भिंतीवर मात्र तो आहे,
पंख्याच्या बटणांच्या वर चार बोटं,
तीनदा रंग देऊनही दिसणारी रेघ.

"शेजारच्या पत्र्यावर हुती मगर.
आमी नावेतनं बघितली. ती बी बघत हुती आमच्याकडं.
मी बिस्कीट खात हुते."
पाय हलायचे थांबले होते.

त्या रात्री पाचवा, एका बैठकीत.
एक पत्रा. वर दगडू.
खाली पाणी, पाण्यात शाळेची पाटी,
समोरून नाव येते, नावेत मुलगी.
कोणी कोणाला काही शिकवत नाही.
मुलगी विचारते, तुझं पण घर बुडालं?
इथं मला अडलं. मगरीचं घर बुडेल कसं?
दगडूलाही अडलं.
तो विचार करतो.
सहाव्या खर्ड्यातही तो विचारच करतो आहे.

शेठना कळलं शेवटी. वाचलं त्यांनी,
चष्मा कपाळावर ढकलून, उभ्या उभ्याच.
"छान आहे, मगदूमबाई. पण बोध?
शेवटी बोध लागतो ना मुलांना."
मी त्यांना विचारलं,
तुमच्या वडिलांच्या वेळी सौदा कसा व्हायचा?
"रुमालाखाली," म्हणाले. "बोटं धरून.
भोवती शंभर माणसं असायची. भाव कळायचा
ज्याची बोटं धरली त्यालाच."
आणि पावत्या परत देताना
एक घटकाभर त्यांनी त्या सोडल्याच नाहीत.

काल सातवा वाचला. तस्मिया गप्प.
सौद्याचा गलका संपला होता, हमाल चहाला गेले होते,
हवेत पिवळी धूळ खाली बसत होती.
बराच वेळ गेला.

"बिस्कीट कुठलं ते लिवलं न्हाई तुमी."
कुठलं होतं?
"खारं. ओलं झालंतं.
तरी खाल्लं मी."

पेनाचं टोपण मी दातानं काढलं.
सरक जरा, म्हटलं,
थप्पीवर मलाही बसू दे.