सायलेन्सर

सात महिने जावाचा उजवा सायलेन्सर
पोटाखालून कुजत होता.
बोट जाईल एवढं भोक, मग दोन बोटं,
मग सांधाच उसवला,
आणि तिश्नोव्हच्या बेकरीतून दुपारी मी घरी निघाले
की नदीकाठच्या अख्ख्या गावाला कळायचं,
आली अलॉइसची मुलगी.

पोलीस दोनदा बोलला. पाद्री एकदा.
बोझेनाच्या कोंबड्या म्हणे अंडी द्यायच्या थांबल्या,
पण बोझेनाच्या कोंबड्या म्हाताऱ्या आहेत.

बाबा काही बोलले नाहीत.
फेब्रुवारीपासून बाबा काहीच बोलत नाहीत.
तीस वर्षं फाउंड्रीत लोखंड ओतलेला माणूस,
एका सकाळी हातातून कॉफीचा पेला सुटला
आणि त्याच्यासोबत सगळे शब्द.
हो म्हणजे मान हलवणं.
नाही म्हणजे डोळे मिटणं.

शनिवारी व्होंद्राचेककडून नवी जोडी आणली,
जुन्या साच्यातली, माशाच्या शेपटीची,
क्रोम असा की त्यात माझं नाक भोपळ्याएवढं.
किंमत सांगत नाही.
बाबा शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले.

सिलिंडरच्या तोंडाशी आट्यांची गोल चकती असते.
ती सत्तावन्न साली कुणीतरी आवळली,
आणि त्यानंतर काळ आवळतच राहिला.
तेल पाजलं. रात्रभर मुरू दिलं.
आकडीचा पाना लावून रेटलं तर पाना निसटला,
बोटाचं सालपट गेलं.
मी शिवी दिली, आईकडून शिकलेली.
बाबांनी डोळे मिटले.
उठले, पाय ओढत आले,
माझ्या हातून ब्लोटॉर्च घेतला डाव्या हातानं
(उजवा तसाच खिशात)
आणि ज्योत एका जागी न रोखता भोवती फिरवत राहिले,
जेवलेल्या पोराच्या तोंडावरून रुमाल फिरवावा तशी.
चकती करकरली. सुटली.

डावी नुसत्या हातानं निघाली.
का, देव जाणे.

तांब्याचा वायसर लाल होईस्तोवर तापवला,
पाण्यात टाकला, चुर्र.
पोलाद अशानं कडक होतं, तांबं नरम पडतं.
हे बाबांनीच सांगितलं होतं,
सांगायचे तेव्हा.

ब्रॅकेटचं भोक अर्ध्या बोटानं चुकलेलं.
नव्या मालाचं हे असंच. कानस घेऊन लांबट केलं.
पहिल्या किकला निळा धूर,
दुसऱ्या किकला एवढीशी घरघर,
मांडीवरच्या मांजराची.

सोमवारी पुलावरून आले, कुणाची मान वळली नाही.
फाटकापासून इंजिन बंद, उतारानं घरंगळत अंगणात.
खिडकी उघडी होती.
आधी वाटलं रेडिओ.

“झ्...
झ्दि...”
टेबलावर मूठ.
“दिस्...”
थुंकी गिळल्याचा आवाज.
“झ्दिस्... ला...”

माझं नाव. आईनं हट्टानं ठेवलेलं,
धडधाकट जिभेलाही दगडासारखं.

म्हणजे रोज. म्हणजे इतके महिने,
दुपारी दोनपर्यंत,
पुलावर ते फुटकं भांडं वाजेपर्यंत.
वाजलं की थांबायचे, तोंड पुसायचे,
खिडकीशी येऊन गप्प बसायचे.

मी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून मागे ढकलत नेली.
थेट पुलापर्यंत. जावा जड असते,
आणि तो चढ आहे.
तिथे किक मारली. हॉर्न दाबला.
परत दाबला. बदकं उडाली.
पोलीस असता तर तिसऱ्यांदा बोलला असता.

आत गेले तेव्हा बाबा खिडकीशी. तोंड पुसलेलं.
माझ्याकडे नाही, गाडीकडे बोट केलं,
मग डावं मनगट हवेत फिरवलं, सावकाश, उजवीकडे.

हो. बरोबर.
नवी बसवलेली चकती
गरम आहे तोवर पुन्हा एकदा आवळायची असते.
मी पाना शोधायला गेले.