सुरगाठ

कुडतरीच्या तळ्याकडे पाठ केलेली खोली.
भिंतीवर ट्रम्पेट, खिळ्याला काळी फीत.
मेस्त इनास म्हणाले, क्लॅरिनेट येतं तुला, ते ऐकलं.
आता गळा दाखव.

आमच्या घरात गळ्याला काही बांधत नसत.
बाबा नार्व्याच्या देवळात उघड्या अंगानं सनई धरायचे,
कंठमणी वर जाई, खाली येई,
आम्ही पोरं ते मोजत बसायचो.
मला ठाऊक होत्या त्या गाठी वेगळ्या:
गाईचं दावं, केळीच्या घडाला दिलेला टेकू,
पुडीचा दोरा, जो आई सोडायची, तोडायची नाही.

मी आकड्याचा तयार बो आणला होता, साठ रुपयांचा.
मेस्तांनी तो दोन बोटांत उचलला
मेलेल्या पाकोळीसारखा, आणि खिडकीत ठेवला.
"हो कोणाचोच न्हय."

समोर उभं राहून त्यांना शिकवता येईना.
डावं-उजवं पुसून गेलं.
पन्नास वर्षं त्यांनी फक्त स्वतःलाच बांधला होता.
मग ते मागे आले,
माझ्या खांद्यांवरून दोन्ही हात पुढे,
कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास, बोटांना व्हॉल्व्हच्या तेलाचा,
आरशात एका गळ्यापाशी चार हात.

बाबांनी मला असं कधी वेढलं नव्हतं.
हे आता सुचतंय. तेव्हा फक्त मान अवघडली होती.

लांब टोक आखूडावरून.
खालून वर काढ.
आखूडाची घडी घाल, गळ्याशी आडवी धर.
लांब टोक तिच्यावरून सोड.
आता मागे एक फट आहे. दिसायची नाही. बोटानं शोध.

मी आरशात शोधत होतो.
त्यांनी आरशावर टॉवेल टाकला.

कितीदा निरगाठ बसली, त्यांना ती पिनेनं उकलावी लागली.
"ही फाशी, पुता. आपल्याला वाजवायचंय."
कॉलरमध्ये दोन बोटं घालून बघायचे:
एक श्वासाला, एक हसू आलं तर.

दिवे लागायच्या सुमारास बसला.
वाकडा. एक पंख वर.
सरळ करायला गेलो तर हातावर चापट.
"सरळ असतो तो दुकानातला."
मी म्हटलं, आमच्याकडे हिला सुरगाठ म्हणतात.
ते थांबले. "सूर?"
नाही हो, ओढली की सुटते म्हणून.
"तेंच," म्हणाले.

परवा त्यांच्या नातीचं लग्न झालं, फातोर्ड्याच्या हॉलमध्ये.
मेस्त आता वाजवत नाहीत. चहासुद्धा अर्धा कपच घेतात,
उरलेला थरथरीसाठी.
बँडच्या खोलीत फीत गळ्यात लोंबती ठेवून बसले होते,
मागितलं काही नाही.
मी समोरून सुरुवात केली
आणि डावं-उजवं पुसून गेलं.

त्यांनी खुर्ची भिंतीपासून थोडी पुढे घेतली.
एवढी, की मागे एक माणूस उभा राहील.

कॉलरमध्ये आता चार बोटं जात होती.
मी डोळे मिटून फट शोधली.
बो वाकडा बसला, एक पंख वर,
आणि माझा हात सरळ करायला गेला नाही.

पहाटे तीनला, रोस ऑमलेटच्या गाड्यापाशी,
क्लॅरिनेटची पेटी दोन पायांत धरून
मी पाव बुडवत होतो.
त्यांनी एका हातानं फितीचं टोक धरलं.
हात थरथरत होता. त्यानं काही अडलं नाही.
ओढलं.