सहा सेकंद

महापालिकेच्या माणसाला एकच नाव हवंय,
मैदानाच्या फाटकावर रंगवायला.
दोन बसत नाहीत, म्हणाला, कमान अरुंद आहे.
म्हणून आम्ही सगळ्या जमलोय मखमलाबाद नाक्यावर,
मिसळ मागवून, आणि तर्रीवर साय धरली तरी
कुणी पाव मोडलेला नाही.

कुमुद म्हणते, विमल. दुसरं नावच काढू नका.
विमल गावित, सुरगाण्याहून एसटीनं आलेली,
पत्र्याची पेटी, तिच्यावर आश्रमशाळेचा आकडा.
बूट दिले तर दोन दिवसांनी परत केले :
यात जमीन कळत नाही.
साखळी पळायची तेव्हा
आखलेली फक्कीसुद्धा हलायची नाही, आठवतं?

आणि मंगल? सुनंदानं टेबलावर हात आपटला, पापड मोडला.
धुळ्याला गुडघ्याची वाटी सरकली होती,
तशीच सूर मारून खांबावरचा गडी टिपला हिनं,
मग विचारलं, आता ओरडू का?
वाचणारीचं कौतुक सगळे करतात गं,
मारणारीचं कोण करणार?

मग वाचणारी मोठी की मारणारी मोठी, यावर अर्धा तास.
मध्येच कुणीतरी रुखसाना तांबोळीचं नाव घेतलं.
खेळलीच किती ती? दोन मोसम?
खेळू किती दिलं ते विचार, कुमुद म्हणाली,
आणि थोडा वेळ
फक्त चमच्यांचा आवाज.

मंगल स्वतः कोपऱ्यात बसलीय, कांदा बाजूला काढत.
तिला कुणी विचारत नाही.
विमलचा फोन लागत नाही. गेल्या वर्षी लागला होता,
तेव्हा भाताची लावणी चालली होती तिची.

मी कधी खेळले नाही.
त्यांना दम होता, मला दमा,
एका कान्यानं माझ्या हातात घड्याळ आलं.
अकरा वर्षं या बायकांकडे मी
अंगठ्याच्या टोकावरून पाहिलंय.
वह्या माझ्याकडे होत्या, आठच्या पुरात
गंगा घरात शिरली आणि सगळी शाई एक झाली.
तरी दोन आकडे राहिले, ते कागदावर नव्हतेच :
मंगल, पाच मिनिटं छत्तीस.
विमल, पाच मिनिटं चाळीस.
चार सेकंदांवर चाललंय हे सगळं भांडण,
पस्तीस वर्षं.

जळगावचं मैदान. संध्याकाळ, तिरपं ऊन.
विमल खांबाला वळसा घालून आली ती
पळत नव्हती, काय करत होती ते मला अजून सांगता येत नाही.
तिच्या वेणीच्या टोकाला बोट लागलं, पंचांची शिट्टी वाजली,
आणि माझा अंगठा
बघत राहिला.
भानावर आले तेव्हा काटा सहा घरं पुढे होता.
पाच चाळीस, मी ओरडले.
मैदान उठून उभं राहिलं.
नंतर सांगायला गेले होते, खरंच गेले होते,
पण कुणीतरी तिला खांद्यावर घेतलं होतं
आणि ती हसताना मी पहिल्यांदा पाहत होते.

"तुझं घड्याळ काय म्हणतं गं?" सुनंदानं मलाच गाठलं.
पाच चाळीस, मी म्हणाले. आवाज बरा लागला.
मंगलनं मान वर केली.
"मी बाहेर बसून मोजत होते त्या दिवशी,
मनात," ती म्हणाली,
आणि माझ्या ताटलीतला उरलेला पापड उचलला.
"विमलचंच लिहा. मी पण पाहिलं होतं ते वळण."

भांडण तिथं थांबलं असं नाही.
सुनंदा अजून फुरंगटलेली आहे, रुखसानाचं कुमुद सोडत नाही,
मालक बिल ठेवून दोनदा फिरून गेला.

तेवढ्यात महापालिकेचा फोन :
रंगारी शिडीवर उभा आहे, पटकन सांगा,
गावितमधला वि पहिला की दुसरा?

पहिला, मी म्हणाले.
एवढं मात्र मला अगदी नक्की माहीत आहे.